आत्याच्या जुन्या टॅबवर लिनक्स चढवताना

२०१४-१५ च्या सुमारास आठ इंची विंडोज टॅबांची एक लाट आपल्याकडेही येऊन गेली. एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने नऊ इंचांहून लहान स्क्रीनच्या उपकरणांसाठी विंडोजचा परवाना फुकट केला आणि एकाच साच्यातले टॅब वेगवेगळ्या नावांनी दुकानांत दिसायला लागले. ॲटम झेड३७३५एफ प्रोसेसर, फार तर २ जीबी रॅम, १६ नाहीतर ३२ जीबीची ईएमएमसी (आतली साठवणीची चिप) आणि चार्जिंगपासून पेनड्राइव्हपर्यंत सगळ्याला मिळून एकच मायक्रो-यूएसबी पोर्ट. कराडच्या माझ्या आत्याकडे त्यातलाच एक आहे. त्यावर आधी विंडोज ८.१ होतं, मग फुकटात मिळालेलं १० आलं, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचाही आधार संपला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, म्हणजे तो रस्ता बंद. तसाही तो टॅब अपडेटला जागा नाही म्हणून गेली काही वर्षं कुरकुरतच होता.

"आता टाकून दे की," असं मी म्हटल्यावर आत्या म्हणाली, "का म्हणून? स्क्रीन चांगली आहे, आवाज चांगला आहे. मला पेपर वाचायचा असतो आणि कीर्तनं ऐकायची असतात. तुला जमत नसेल तर तसं सांग." यानंतर टॅब माझ्या पिशवीतून पुण्याला येणार हे ठरलंच. वर अट होती, "त्यातले फोटो तेवढे जाऊ देऊ नकोस हं."

फोटो काढून घेतलेच, पण त्यासोबत विंडोजच्या ड्रायव्हरांचा अख्खा फोल्डरही उचलून ठेवला. अशा टॅबांमध्ये टचस्क्रीनच्या चिपला लागणारं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं छोटं सॉफ्टवेअर) त्या त्या मॉडेलपुरतं वेगळं असतं आणि बऱ्याचदा ते विंडोजच्या ड्रायव्हरातच एका फाइलीत पडलेलं असतं. विंडोज पुसून बसलात की ती फाइल दुसरीकडून मिळवणं म्हणजे नुसती वणवण. हे ज्यांना असं काही करायचंय त्यांच्यासाठी आधीच सांगून ठेवतो, कारण एरवी याची आठवण सगळं उरकल्यावर, बोट लावून काही हलत नाही तेव्हा होते.

नेहमीच्या लॅपटॉपवर लिनक्स चढवणं आता फार काही कौतुकाचं राहिलेलं नाही. पेनड्राइव्ह बनवा, लावा, चार वेळा 'पुढे' दाबा. टॅबवर मात्र पेनड्राइव्ह लावायलाच आधी ओटीजी केबल (टॅबच्या पोर्टला यूएसबी उपकरणं जोडणारी) लागते, तिला हब, हबला कीबोर्ड आणि पेनड्राइव्ह. हे सगळं त्या एकुलत्या एका पोर्टमध्ये गेलं की चार्जिंगला जागा उरत नाही. म्हणून बॅटरी काठोकाठ भरून घ्यायची आणि हब शक्यतो स्वतःच्या ॲडॅप्टरवर चालणारा घ्यायचा. नाहीतर कीबोर्ड आणि पेनड्राइव्ह दोघंही टॅबच्याच बॅटरीवर जेवतात.

टॅबच्या स्वतःच्या फर्मवेअरच्या, म्हणजे चालू करताच सगळ्यात आधी उठणाऱ्या यूईएफआयच्या, सेटिंगांत शिरायला विंडोज अजून जिवंत असताना सोपं पडतं. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट केलं, पुढच्या निळ्या पानांवरून यूईएफआय सेटिंगपर्यंत गेलो. सिक्युअर बूट बंद केलं, फास्ट बूट बंद केलं, बदल साठवून बाहेर. माझ्याकडे लिनक्सच्या एका लोकप्रिय वितरणाचा (तयार संचाचा) ६४-बिट पेनड्राइव्ह तयारच होता. तो लावला. बूटच्या यादीत त्याचं नाव दिसलं, निवडलं, स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि मी परत त्याच यादीपुढे. चूक नाही, संदेश नाही, साधा बीप नाही. तोच पेनड्राइव्ह माझ्या लॅपटॉपवर नीट चालत होता.

बूट होणं हे खो-खोसारखं आहे. फर्मवेअर उठतं आणि ग्रबला (सिस्टिम उठवणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) खो देतं, ग्रब कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला), कर्नल इनिटरॅमएफएसला (खरी डिस्क सापडेपर्यंतच्या छोट्या तात्पुरत्या सिस्टिमला), आणि तो शेवटी डिस्कवरच्या खऱ्या सिस्टिमला. "बूट होत नाही" असं म्हणणाऱ्याला मी आधी एवढंच विचारतो की खो कुठवर पोचला. इथे ग्रबचा मेन्यू दिसलाच नव्हता, म्हणजे अडचण फर्मवेअर आणि ग्रब यांच्यामध्येच. त्यामुळे कर्नल, ड्रायव्हर, ग्राफिक्स या कशाचाही विचार करायची या घडीला गरज नव्हती. लोक इथेच भरकटतात. पडदा काळा दिसला की कर्नलला द्यायचे पर्याय शोधत बसतात, आणि कर्नल तर अजून पेनड्राइव्हवरून हललेलासुद्धा नसतो.

परत विंडोज चालू करून सिस्टिमची माहिती उघडली. तिथे दोन गोष्टी एकाच ओळीत लिहिलेल्या होत्या: ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ प्रोसेसर. या एका ओळीतून उत्तर निघतं. यूईएफआयमधून चालू होणाऱ्या विंडोजची बिटसंख्या आणि फर्मवेअरची बिटसंख्या सारखीच असावी लागते, तिथे सवलत नाही. म्हणजे प्रोसेसर ६४-बिट असूनही हे फर्मवेअर ३२-बिट. आणि फर्मवेअर पेनड्राइव्हवर शोधतं ती फाइल प्रमाणकात ठरलेल्या नावाचीच असते. ईएफआय नावाच्या फोल्डरात बूट नावाचा फोल्डर, त्यात ६४-बिट यंत्रासाठी 'बूटएक्स६४.ईएफआय' आणि ३२-बिट फर्मवेअरसाठी 'बूटआयए३२.ईएफआय'. माझ्या पेनड्राइव्हवर पहिली होती, दुसरी नव्हती. फर्मवेअरने आत डोकावून पाहिलं, आपल्या कामाचं काही सापडलं नाही, परत फिरलं. जुन्या पद्धतीच्या बायॉसची सोय या टॅबांत नसते, म्हणजे मागच्या दारानेही शिरता येत नाही.

ही जोडी विचित्र वाटते, पण पहिलीच नाही. २००६ च्या इंटेल मॅकांपासून ती चालत आलेली आहे. तेव्हाही कोअर २ ड्युओ ६४-बिट आणि ईएफआय ३२-बिट अशी यंत्रं निघाली होती. टॅबांच्या बाबतीत हिशेब जागेचा होता. ३२-बिट विंडोजला रॅम आणि डिस्क दोन्ही कमी लागतात, आणि १६ जीबीच्या टॅबमध्ये तेवढंच परवडणारं होतं. मग ३२-बिट विंडोज चालवायला ३२-बिट फर्मवेअर, आणि त्या एका निर्णयाचा भुर्दंड दहा वर्षांनी माझ्यासारख्याला.

लिनक्सकडे यावर सोय आहे आणि तीही जुनी. जून २०१४ मध्ये आलेल्या ३.१५ या कर्नलपासून ६४-बिट कर्नल ३२-बिट यूईएफआयवरून उठू शकतो. फर्मवेअरकडे काही मागायचं असेल तेव्हा तो तेवढ्यापुरता ३२-बिट अवस्थेत उतरतो, काम करून घेतो, परत वर येतो. फक्त त्याला उठवणारा ग्रब ३२-बिट हवा. डेबियन या वितरणाने २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून यासाठी वेगळी बहु-आर्किटेक्चर (३२ आणि ६४-बिट दोन्हींची) प्रतिमा, म्हणजे पेनड्राइव्हवर उतरवायची तयार फाइल, ठेवली होती, आणि बाराव्या आवृत्तीपासून नेहमीच्या ६४-बिट प्रतिमेतच दोन्ही फाइली असतात. "मग सरळ ३२-बिट लिनक्सच टाक की," असा सल्ला एका मित्राने दिला. तो २०२० मध्ये ठीक होता. डेबियन १३ ने ३२-बिट पीसीसाठीचा कर्नल आणि इन्स्टॉलर दोन्ही बंद केलेत, बाकीची मोठी वितरणं त्याआधीच बाहेर पडली. शिवाय हातात ६४-बिट प्रोसेसर असताना तो बांधून का ठेवायचा?

डेबियनच्या छोट्या, नेटवरून उरलेलं उतरवून घेणाऱ्या प्रतिमेचा पेनड्राइव्ह बनवला, लावला, आणि ग्रबचा मेन्यू आला. आडवा. टॅब आडवा धरला तर अक्षरं उभी, उभा धरला तर सरळ, पण मग कीबोर्ड आणि हबच्या वायरी टेबलाच्या कडेला लोंबतात. या टॅबांचं पॅनल मुळात ८०० बाय १२८०, म्हणजे फोनसारखं उभं बसवलेलं असतं. विंडोज ते आपल्या आपण फिरवून घेतं, ग्रबला मात्र फिरवणं माहीतच नाही. मान तिरकी करून पहिला मेन्यू वाचायचा एवढाच इलाज. कर्नलला मात्र सांगता येतं. मेन्यूवर 'ई' दाबून लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'एफबीकॉन=रोटेट:१' लिहिलं आणि चित्रांचा इन्स्टॉलर सोडून साधा अक्षरांचा घेतला, की सगळं सरळ दिसायला लागतं.

वायफाय उठेल की नाही याची मला धास्ती होती, कारण या टॅबात आरटीएल८७२३बीएस ही चिप आहे आणि तिने एके काळी लोकांना रडवलंय. तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये २०१७ साली ४.१२ ला आला. चिपचं फर्मवेअर मुक्त नाही, पण २०२३ पासून डेबियन असली फर्मवेअरं इन्स्टॉलरसोबतच देतं. बिनतक्रार जोडलं गेलं. या खात्यात तेव्हा रेड हॅट या लिनक्स कंपनीत असलेल्या हान्स द गोडे यांचं नाव घ्यायलाच हवं. या पिढीच्या टॅबांचे टचस्क्रीन, बॅटरी, स्क्रीनची दिशा असल्या फुटकळ वाटणाऱ्या गोष्टी वर्षानुवर्षं एकेक मॉडेल घेऊन कर्नलमध्ये बसवणारे ते. आज माझा टॅब आपलं मॉडेल ओळखून बऱ्याच गोष्टी स्वतः करतो, त्यातल्या कितीतरी त्यांच्यामुळे.

डिस्कचं विभाजन झालं, मूळ सिस्टिम उतरायला लागली आणि टक्केवारीचा पट्टा मध्येच थांबला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पहिला संशय पेनड्राइव्हवर, दुसरा वायफायवर, तिसरा हबच्या वीजपुरवठ्यावर. या तिघांना एकेक करून तपासायच्या आधी मी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबलं. दिवा लागला नाही. ही चाचणी साधी आहे पण तिच्याइतकं खरं बोलणारं दुसरं काही नाही. यूएसबी कीबोर्डचा तो दिवा कीबोर्ड स्वतः लावत नाही, कर्नल लावतो. पेनड्राइव्ह वाचता येत नसेल, नेट तुटलं असेल, तरी कर्नल जिवंत असेल तर दिवा लागतोच. इथे तो लागत नव्हता, म्हणजे यंत्रच गोठलं होतं. हबला ॲडॅप्टर असल्याने कीबोर्डला वीज मिळत होतीच.

या टॅबातला ॲटम ज्या पिढीचा, त्या बे ट्रेल पिढीच्या प्रोसेसरांचा हा जुना आजार. काम नसताना प्रोसेसर वीज वाचवायला खोल झोपेत जातो, त्या झोपांना सी-स्टेट म्हणतात. या पिढीत खोल झोपेतून परत येताना काही वेळा येणंच होत नाही. कर्नलच्या बगझिलावर (चुका नोंदवायच्या साइटवर) १०९०५१ या क्रमांकाखाली याची भलीमोठी चर्चा २०१५ पासूनची आहे. पुढच्या कर्नलांत त्यावर दुरुस्त्या येत गेल्या आणि पुष्कळांचा त्रास थांबला, सगळ्यांचा नाही. उतारा असा की प्रोसेसरला खोल झोपूच द्यायचं नाही. 'इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१' एवढं त्याच लिनक्सच्या ओळीत लिहायचं. बॅटरी थोडी लवकर उतरते. ते मला चालणार होतं, कारण अर्धवट उतरलेल्या सिस्टिमला भरलेली बॅटरी काय कामाची.

इथे डेबियनच्या इन्स्टॉलरची एक छान सवय उपयोगी पडते. त्या ओळीत तीन आडव्या रेघांचं एक चिन्ह असतं. त्याच्या पुढे लिहिलेले पर्याय इन्स्टॉलर नुसते वापरत नाही, तर नव्या सिस्टिमच्या ग्रबमध्येही कायमचे लिहून ठेवतो. रेघांच्या आधी लिहिलेले फक्त त्या वेळेपुरते. मी दोन्ही पर्याय रेघांच्या पुढे लिहिले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि या वेळी पट्टा शेवटपर्यंत गेला. "इन्स्टॉलेशन पूर्ण, पेनड्राइव्ह काढा." काढला. रीस्टार्ट.

टॅब थेट फर्मवेअरच्या सेटिंगांत जाऊन उभा राहिला. बूटच्या यादीत डेबियनचं नाव नाही. विंडोज बूट मॅनेजर मात्र अजून होता, जरी विंडोज डिस्कवरून केव्हाच गेलं होतं.

खो कुठवर पोचला? पुन्हा ग्रबच्या आधीच. पण या वेळी प्रश्न निराळा होता. ग्रब बसलाच नाही, की बसलाय पण फर्मवेअरला त्याचा पत्ता नाही? हे पाहायला पेनड्राइव्हवरचाच ग्रब वापरता येतो. पेनड्राइव्ह लावून मेन्यू आला की 'सी' दाबायचं, ग्रबची आज्ञांची ओळ उघडते. तिथे 'एलएस' म्हटलं की त्याला दिसणाऱ्या डिस्का आणि त्यांचे भाग कळतात. एकेका भागाचं नाव देऊन आत बघत गेलो. एकात डेबियनचा मूळ फोल्डर सापडला, त्यात कर्नल आणि इनिटरॅमएफएस दोन्हींचे दुवे जागेवर. यूईएफआयच्या विभागात डेबियन नावाचा फोल्डर, त्यात ३२-बिट ग्रबची फाइलही होती. म्हणजे इन्स्टॉलरने आपलं काम केलं होतं. त्याने फर्मवेअरच्या स्मरणात, एनव्हीरॅममध्ये, डेबियनची नोंदही केली असणार. फर्मवेअरने ती फेकून दिली, किंवा साठवलीच नाही. काही टॅबांच्या फर्मवेअरांना विंडोज बूट मॅनेजर सोडून दुसरं नाव लक्षात ठेवायचंच नसतं.

आता उठवायचंच आहे तर इथूनच उठवू, असं ठरवून डेबियनचा विभाग रूट म्हणून निवडला, लिनक्सच्या ओळीत कर्नलचा दुवा, मग 'रूट=/डेव्ह/एमएमसीबीएलके०पी२', सी-स्टेटचा आणि फिरवण्याचा पर्याय, पुढच्या ओळीत इनिटरॅमएफएस, आणि बूट. तिरक्या मानेने हे टाइप करणं म्हणजे दंत-वैद्याच्या खुर्चीत बसून चेक लिहिण्यापेक्षा फार वेगळं नाही, पण झालं. अक्षरं धावली, एका ओळीवर थांबली, बराच वेळ तशीच, आणि मग इनिटरॅमएफएसने सांगितलं की मूळ फाइल सिस्टिमची वाट बघून थकलो. खाली बिझीबॉक्सची छोटी आज्ञांची ओळ.

नव्या माणसाला ही जागा भीतिदायक वाटते. मला उलट इथे बरं वाटतं, कारण पहिल्यांदाच यंत्र बोलत असतं. कर्नल उठलाय, इनिटरॅमएफएस उठलाय, फक्त डिस्क कुठे ते कळत नाही. डेव्ह फोल्डरात एमएमसीने सुरू होणारी नावं पाहिली. दोन यंत्रं दिसली, शून्य आणि एक. एकच्या पुढे 'बूट०', 'बूट१' आणि 'आरपीएमबी' अशा शेपट्या होत्या. शून्याला त्या नव्हत्या. ईएमएमसीच्या चिपमध्येच असे छोटे राखीव भाग असतात, मेमरी कार्डात नसतात, त्यामुळे ओळख पटायला एवढं पुरतं. शून्य म्हणजे आत्याचं मायक्रो एसडी कार्ड, गाण्यांनी भरलेलं, टॅबच्या कुशीत तसंच बसलेलं. कर्नलला आधी कोण सापडतं यावर हे आकडे ठरतात. म्हणूनच खऱ्या ग्रबच्या मेन्यूत डिस्कचं नाव न लिहिता यूयूआयडी (त्या विभागाचा स्वतःचा ओळख क्रमांक) लिहिलेला असतो, आणि कार्ड असो वा नसो त्याला फरक पडत नाही. मला आत्तापुरतं शून्याच्या जागी एक लिहायचं होतं.

लिहिलं. अक्षरं धावली, या वेळी थांबली नाहीत, सेवा चालू झाल्याच्या हिरव्या ओळी सुरू झाल्या, आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीला स्क्रीन विझली.

पूर्ण काळी. कॅप्स लॉक दाबलं, दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. यंत्र जिवंत. मग खोलीतला दिवा बंद केला, मोबाइलचा टॉर्च लावला आणि स्क्रीनवर तिरका, अगदी काचेला टेकवून धरला. काळ्या काचेत करड्या रंगात अक्षरं दिसली, आणि त्यांच्या शेवटी लॉगिनची ओळ. टॅब केव्हाच पूर्ण बूट होऊन नाव विचारत बसला होता. चित्र उमटत होतं, फक्त त्याच्या मागचा उजेड गेला होता. इथे कुणी "ग्राफिक्स ड्रायव्हर चालत नाही" म्हणून दुसरं वितरण टाकायला घेतलं असतं तर पुन्हा याच काळ्या स्क्रीनपर्यंत आलं असतं.

टॉर्च एका हातात आणि टाइपिंग दुसऱ्या हाताने, असं थोडा वेळ केलं, मग कंटाळून बंद केलं आणि पुन्हा हाताने बूट करताना 'नोमोडसेट' जोडलं. त्याने कर्नलचा ग्राफिक्स ड्रायव्हर बाजूला बसतो आणि फर्मवेअरने दिलेलं साधं चित्र चालू राहतं. हळू, पण उजेडात. डेबियन आदल्या बूटची नोंदवही जपून ठेवतं. ती उघडली तर आय९१५ या ग्राफिक्स ड्रायव्हरची तक्रार स्पष्ट होती: बॅकलाइटची पीडब्ल्यूएम चिप मिळाली नाही.

प्रकार असा. या टॅबांत स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करणारी पीडब्ल्यूएमची चिप ग्राफिक्सच्या बाहेर, प्रोसेसरच्याच दुसऱ्या एका कोपऱ्यात असते आणि तिचा ड्रायव्हर वेगळा असतो, 'पीडब्ल्यूएम-एलपीएसएस'. ग्राफिक्सचा ड्रायव्हर आधी उठला आणि ही चिप अजून तयार नसली, तर तो उजेडाचा नाद सोडून पुढे जातो. चिप नंतर उठते, पण तोवर तिला विचारणारं कुणी उरत नाही. दोघंही चांगले, फक्त रांगेत मागेपुढे. उपाय म्हणजे हिला आधी उठवायचं. इनिटरॅमएफएसच्या मोड्यूलांच्या यादीच्या फाइलीत 'पीडब्ल्यूएम-एलपीएसएस' आणि 'पीडब्ल्यूएम-एलपीएसएस-प्लॅटफॉर्म' या दोन ओळी लिहिल्या, इनिटरॅमएफएस नव्याने बांधला, 'नोमोडसेट' काढून बूट केलं. स्क्रीन एकदा लुकलुकली आणि उजळ राहिली.

राहता राहिली ती फर्मवेअरची विसरभोळी स्मरणशक्ती. त्याच्या यादीशी भांडायचं नाही. यादीत काहीच नसलं की फर्मवेअर शेवटी त्याच ठरलेल्या नावाची फाइल आतल्या डिस्कवर शोधतं, जी सुरुवातीला पेनड्राइव्हवर शोधत होतं. म्हणून ग्रब तिथेच ठेवायचा. 'ग्रब-इन्स्टॉल'ला लक्ष्य आय३८६-ईएफआय आणि सोबत 'रिमूव्हेबल' असं सांगितलं की तो यूईएफआय विभागात बूट फोल्डरात 'बूटआयए३२.ईएफआय' नावाने जाऊन बसतो. फर्मवेअरच्या सेटिंगांतून विंडोज बूट मॅनेजरची उरलेली नोंद काढली, पेनड्राइव्ह, कीबोर्ड, हब सगळं सोडवलं आणि पॉवरचं बटण दाबलं. ग्रबचा मेन्यू आला, आडवाच, पण पाच सेकंदांत आपला आपण पुढे गेला.

ही एक आज्ञा देऊन मोकळं होऊ नका. पुढे कधीतरी ग्रबचं पॅकेज अपडेट होतं आणि नवी फाइल डेबियनच्या फोल्डरात जाते, बूट फोल्डरातली मात्र जुनीच राहते. दोघांचा मेळ तुटला की एका सकाळी टॅब ग्रबच्या ओळीवर अडकतो आणि कराडहून फोन येतो. 'ग्रब-ईएफआय-आयए३२' हे पॅकेज पुन्हा कॉन्फिगर केलं की त्यात एक प्रश्न येतो: काढत्या माध्यमांच्या मार्गावरही ग्रब दर वेळी बसवायचा का? तिथे 'हो' म्हणून ठेवायचं.

बाकीचं पटकन सांगतो. टचस्क्रीनला ती विंडोजमधून उचललेली फाइल लागलीच. लिनक्सला हव्या त्या रूपात बदलून जागेवर ठेवल्यावर बोटं ओळखायला लागला. आवाज पहिल्या झटक्यात आला, ब्लूटूथही. २ जीबी रॅममध्ये जड डेस्कटॉप तगत नाही, म्हणून एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप टाकला आणि झेडरॅम (रॅममधलाच मजकूर दाबून बसवणारी सोय) चालू केलं, तेवढ्यावर ब्राउझरच्या दोन-तीन खिडक्या चालतात. दहा-बारा उघडल्या की धाप लागते. नोटोचे देवनागरी फॉन्ट टाकल्यावर पेपरची जोडाक्षरं नीट दिसायला लागली. झोपवून ठेवला तर बॅटरी रात्रीत बरीच उतरते, त्यामुळे आत्याला काम झालं की पूर्ण बंद करायला सांगितलंय.

कॅमेरा दोन्ही बाजूंचा बंद आहे. या पिढीच्या कॅमेऱ्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे म्हणायला आहे, पण माझ्या टॅबच्या सेन्सरशी त्याचं जमत नाही आणि त्यात आणखी रविवार घालवायची माझी तयारी नव्हती. टॅब परत देताना हे जरा घाबरतच सांगितलं. आत्याने आधी फोटो आहेत का ते उघडून पाहिलं, मग म्हणाली, "कॅमेऱ्याला फोन आहे की. पण ते सुरुवातीला आडवं काय येतं रे?"